कपडेपट कोणाचा?

जानेवारी उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची धांदल सुरू होते. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत त्याला 'सालाना जलसा' म्हणतात. मालेगावातल्या यंत्रमागांच्या वस्तीत आमची शाळा आहे. आम्ही वर्गात शिकवत असतो आणि शेजारच्या गल्लीतून साच्यांची खडखड अखंड ऐकू येत असते. वीज गेली आणि ती खडखड थांबली, तर मुले दचकून वर पाहतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जलशासाठी आम्ही चाँदबीबीवर एक छोटी नाटिका बसवली. चाँदबीबीच्या भूमिकेसाठी सातवीतली एक मुलगी निवडली. आवाज असा खणखणीत की शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द पोहोचावा. पंधरा दिवस तालीम झाली. मग आम्ही शिक्षकांनी फर्मान काढले की ज्याने त्याने आपापला पोशाख आणायचा. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात राणीच्या पोशाखाला दोनशे रुपये पडत होते. मुलीचे वडील साच्यावर कामाला. जलशाच्या आदल्या दिवसापासून ती शाळेत आलीच नाही. ऐनवेळी दुसऱ्या मुलीला उभे केले. तिच्या घरी थोरल्या बहिणीच्या लग्नातला घरारा होता. संवाद अर्धे विसरली, तरी टाळ्या पडल्या.

चार दिवसांनी पहिली मुलगी आली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. आम्ही विचारले, "बेटा, जलसे में क्यूँ नहीं आई?" ती म्हणाली, "सर, अम्मी बीमार थीं." अम्मी आजारी नव्हती हे तिला ठाऊक होते आणि आम्हालाही.

बी.एड. करताना आम्हाला 'नाट्यीकरण पद्धती' शिकवली गेली होती. इतिहासाचा पाठ नाट्यरूपाने शिकवला की मुलांच्या मनावर ठसतो, असे आम्ही परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण त्या नाट्यीकरणाचे कपडे कोणी आणायचे, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. या एका प्रश्नाचा माग काढत आम्ही वाचत गेलो आणि शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पोहोचलो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकेच्या रंगभूमीवर नेपथ्य आणि वेशभूषा यांची जी उलथापालथ झाली, तिच्या मुळाशी आम्हाला हाच प्रश्न दिसला. रंगमंचावरचा कपडा कोणाच्या खर्चाने येतो? आणि तो कसा असावा हे कोण ठरवतो? वाचकांपुढे तो इतिहास थोडक्यात मांडावा, असे वाटते.

खऱ्याचा हव्यास

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या बहुतेक नाटकगृहांत रंगवलेल्या पडद्यांचा एक ठरलेला साठा असे. एक दिवाणखाना, एक राजवाडा, एक जंगल, एक रस्ता. नाटक कोणतेही असो, पडदा त्यातलाच. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहेत, त्यांना ही पद्धत नवी वाटणार नाही.

या साठ्याच्या पडद्यांविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी बंड केले त्यांत डेव्हिड बेलॅस्को हे नाव मोठे आहे. बेलॅस्को हा निर्माता, दिग्दर्शक आणि लेखकही. रंगमंचावर सगळे खरे दिसले पाहिजे, हा त्याचा ध्यास. १९०० साली 'मॅडम बटरफ्लाय' या नाटकात नायिका रात्रभर नवऱ्याची वाट पाहत बसते. सांज मावळते, रात्र होते, मग पहाट फुटते. हा प्रवेश बेलॅस्कोने एकही शब्द न उच्चारता, केवळ प्रकाश पालटत सुमारे चौदा मिनिटे चालवला. १९०९ च्या 'द ईझिएस्ट वे' या नाटकात भाड्याची एक कळकट खोली दाखवायची होती. त्याने तशाच एका खानावळवजा घरातले सामानसुमान विकत घेतले, भिंतीवरच्या कागदासकट! १९१२ साली 'द गव्हर्नर्स लेडी' मध्ये तर त्याने त्या काळच्या 'चाइल्ड्स' या प्रसिद्ध उपाहारगृहाची हुबेहूब प्रतिकृती रंगमंचावर उभी केली.

प्रेक्षक थक्क होत. बेलॅस्कोचे प्रकाशयोजनेतले काम आजही मानाने सांगितले जाते, ते योग्यच आहे. पण या वाटेने जाणाऱ्या रंगभूमीला एक रोग जडतो. खऱ्याला पैसा लागतो. ज्याच्याकडे खरे विकत घेण्याची ऐपत, त्याचेच नाटक चांगले, अशी समजूत रूढ होते. आमच्या जलशात खरा घरारा जिंकला आणि खरा आवाज हरला, तो याच समजुतीमुळे.

रेशीम विणणाऱ्यांचे नाटक

आता न्यूयॉर्कजवळच्या पॅटर्सन या गावी जाऊ. न्यू जर्सी राज्यातले हे गाव रेशमी कापडाच्या गिरण्यांमुळे 'सिल्क सिटी' म्हणून ओळखले जाई. १९१३ च्या फेब्रुवारीत तिथे मोठा संप झाला. कारण ऐकून आमच्या गावचा कोणीही विणकर मान डोलावेल. एक विणकर दोन माग सांभाळत असे, तिथे मालकांना तीन-चार माग सांभाळायला हवे होते. माग वाढले की माणसे कमी होणार, हे कामगारांनी ओळखले. आठ तासांचा दिवस ही त्यांची दुसरी मोठी मागणी. सुमारे पंचवीस हजार कामगार संपावर गेले.

हा संप शहरातल्या लोकांना कळावा आणि संपनिधी जमावा, म्हणून ७ जून १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक भव्य नाट्यदर्शन झाले. त्याची जुळवाजुळव जॉन रीड या तरुण पत्रकाराने केली. हजाराहून अधिक संपकरी स्वतः त्यात उतरले. चित्रकार जॉन स्लोन याच्या देखरेखीखाली रंगवलेला गिरणीचा प्रचंड पडदा मागे होता. नट नाहीत, नटी नाहीत, आणि कपडेपटही नाही. विणत होते रेशीम, पण रंगमंचावर आले ते अंगावरच्या रोजच्या कपड्यांत. गिरणी सुरू असतानाचा प्रसंग, गिरणी बंद पडल्याचा प्रसंग, गोळीबारात बळी पडलेल्या मोडेस्तिनो नावाच्या माणसाची अंत्ययात्रा, हे सारे त्यांनी करून दाखवले. प्रेक्षागृहाच्या मधोमध वाट ठेवली होती. शवपेटी त्या वाटेने प्रेक्षकांमधून नेली, तेव्हा पाहणारा कोण आणि करणारा कोण हा भेदच उरला नाही.

सुमारे पंधरा हजार लोकांनी हे दृश्य पाहिले. पैशाच्या हिशेबात मात्र खेळ तोट्यात गेला. स्वस्त जागाच जास्त विकल्या गेल्या होत्या आणि खर्च अफाट होता. त्यावरून कामगारांत कुरबुर झाली आणि जुलैत संपही मोडला. हा इतिहास गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण रंगमंचावर माणूस त्याच्या स्वतःच्या कपड्यात उभा राहिला, तर तो कपडाही बोलतो, हे त्या रात्री सिद्ध झाले.

त्या रात्रीच्या मांडणीत पंचवीस वर्षांच्या एका तरुणाचा हात होता. कार्यक्रमपत्रिकेच्या मुखपृष्ठावरचे चित्र, म्हणजे गिरण्यांच्या धुराड्यांतून झेपावत येणारा कामगार, हे त्याचेच. त्याचे नाव रॉबर्ट एडमंड जोन्स. न्यू हॅम्पशायरमधल्या मिल्टन या गावचा शेतकऱ्याचा मुलगा. हार्वर्डमधून पदवी घेऊन न्यूयॉर्कला आलेला. पॅटर्सनच्या खेळानंतर तो युरोपला गेला. इटलीत फ्लॉरेन्स येथे गॉर्डन क्रेग या इंग्रज रंगकर्मीची शाळा होती. तिथे त्याला प्रवेश मिळाला नाही. मग बर्लिनला मॅक्स राइनहार्टच्या नाटकगृहात राहून त्याने काम जवळून पाहिले. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तो मायदेशी परतला.

एक करडी भिंत

२७ जानेवारी १९१५ हा दिवस अमेरिकी नेपथ्याच्या इतिहासात नोंदला गेला आहे. न्यूयॉर्कच्या वॉलॅक्स थिएटरमध्ये त्या दिवशी इंग्रज दिग्दर्शक ग्रॅनव्हिल बार्कर याने एक छोटी फ्रेंच प्रहसनवजा नाटिका सादर केली. लेखक अनातोल फ्रान्स. नाव 'द मॅन हू मॅरिड अ डम्ब वाइफ'. कथा मजेची आहे. एका न्यायाधीशाची बायको मुकी असते. तो वैद्य बोलावून तिला बोलते करतो. मग ती इतकी बोलते, इतकी बोलते, की शेवटी न्यायाधीश स्वतःला बहिरे करून घेतो!

नेपथ्य आणि वेशभूषा जोन्सची. प्रेक्षकांना दिसले काय? घराची एक साधी दर्शनी बाजू. करडा, काळा, पांढरा एवढेच रंग. चौकोनी खिडकी, चौकोनी दार, सरळ रेषा. ना नक्षी, ना झाड, ना रंगवलेले आकाश. आणि या उदास भिंतीसमोर पात्रे आली ती भडक, झळझळीत रंगांच्या पोशाखात. डोळा भिंतीवर रेंगाळेल कशाला? तो थेट माणसावर गेला. मागचे नेपथ्य आणि अंगावरचा पोशाख हे दोन वेगळे विभाग नसून एकाच वाक्यातले दोन शब्द आहेत, ही गोष्ट अमेरिकेच्या व्यावसायिक रंगभूमीवर इतक्या ठळकपणे पूर्वी कोणी मांडली नव्हती. या नव्या पद्धतीला पुढे 'न्यू स्टेजक्राफ्ट', म्हणजे नवी रंगकला, असे नाव पडले. ली सायमनसन, नॉर्मन बेल गेडिस हे तिचे आणखी काही बिनीचे शिलेदार.

या सादगीचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. सादगी म्हणजे कंजुषी नव्हे. गेडिसने १९२४ साली 'द मिरॅकल' साठी न्यूयॉर्कच्या सेंच्युरी थिएटरचे आतून चक्क कॅथीड्रल करून टाकले. त्याला अमाप पैसा लागला. तेव्हा नव्या रंगकलेचा मुद्दा स्वस्त की महाग हा नव्हताच. रंगमंचावरची प्रत्येक वस्तू नाटकाच्या कामाची आहे का, एवढाच तिचा सवाल होता. जी कामाची नाही ती खरी असली तरी नको, आणि जी कामाची आहे ती साधे फडके असले तरी चालेल.

जोन्सलाही हे दरवेळी साधले असे नाही. १९२१ साली त्याने 'मॅकबेथ' साठी कलत्या, मोडून पडतील अशा वाटणाऱ्या कमानी उभ्या केल्या आणि चेटकिणींच्या प्रवेशात डोक्यावर प्रचंड मुखवटे टांगले. टीकाकारांनी खिल्ली उडवली, नाटक लवकरच बंद पडले. पुढच्याच वर्षी, १९२२ साली, त्याने जॉन बॅरिमोरच्या 'हॅम्लेट' साठी पायऱ्या आणि एक उंच कमान असे एकच कायम नेपथ्य केले. ते नाटक न्यूयॉर्कमध्ये १०१ प्रयोग चालले. एकदा पडले म्हणून वाट सोडायची नसते, हे आम्ही मुलांना सांगतो. त्याला हा दाखला बरा आहे.

दुसऱ्याने शिवलेला चेहरा

कपडा कोणाच्या खर्चाने, हा एक प्रश्न झाला. कोणाच्या मर्जीने, हा दुसरा. तो आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये 'पूर्वेच्या' नाटकांचा मोठा शौक होता. १९११ साली सेंच्युरी थिएटरात 'द गार्डन ऑफ अल्ला' आले. सहारा वाळवंटाची पार्श्वभूमी. रंगमंचावर खरे उंट आणले आणि वाळूचे वादळही उठवले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'किस्मत' आले. बगदादच्या एका भिकाऱ्याची एका दिवसाची कहाणी. ओटिस स्किनर या नामवंत नटाने ती भूमिका गाजवली. भिकाऱ्याचे नाव 'हज्ज'! ज्या शब्दासाठी आमच्या गल्लीतली म्हातारी माणसे आयुष्यभर पैसा पैसा साठवतात, तो शब्द तिथे एका लबाड पात्राचे नाव झाला. लेखकाने मुद्दाम अपमान केला असे आम्ही म्हणत नाही. त्याला एक रंगीत बगदाद हवे होते, ते त्याने रचले. फेटे, ढगळ विजारी, कट्यारी, पडद्यातल्या बाया. खरे बगदाद त्या कपड्यांत मावते का, हे विचारायला बगदादचा कोणी तिथे बसलेला नव्हता.

हाच प्रश्न अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या बाबतीत फार क्रूर झाला होता. एकोणिसाव्या शतकापासून गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्यांची नक्कल करत आणि लोक हसत. हा प्रकार इतका रुळला की बर्ट विल्यम्ससारख्या असामान्य विनोदी नटाला, स्वतः काळा असूनही, ती काजळी फासूनच रंगमंचावर यावे लागे. १९१० साली तो 'झिगफेल्ड फॉलीज' या गोऱ्यांच्या बड्या तमाशात दाखल झाला, तरी काजळी सुटली नाही. स्वतःचाच चेहरा दुसऱ्याच्या मापाने शिवून घ्यायचा, याहून मोठी विटंबना कोणती?

५ एप्रिल १९१७ रोजी या काजळीला एक छेद गेला. न्यूयॉर्कच्या गार्डन थिएटरमध्ये रिजली टॉरेन्स या कवीच्या तीन एकांकिका झाल्या. सर्व भूमिका काळ्या नटनट्यांनी केल्या, गंभीरपणे केल्या, आणि काजळीशिवाय केल्या. दिग्दर्शन, नेपथ्य आणि वेशभूषा पुन्हा जोन्सचीच. टॉरेन्स गोरा होता, जोन्सही गोरा होता, हे विसरता येत नाही. दुसऱ्याच दिवशी अमेरिका महायुद्धात उतरली आणि वर्तमानपत्रांतून नाटकाची चर्चा मागे पडली. तरीही ती रात्र महत्त्वाची ठरली.

मराठी नाटक-सिनेमात मुसलमान पात्र आले की चौकडीची लुंगी, गळ्यात ताईत आणि डोळ्यांत सुरमा ठरलेला, अशी तक्रार आम्ही अनेकदा करतो. ती रास्त आहे. पण सत्य सांगायचे तर एका वर्षी आम्हीच शाळेत 'आदिवासी नृत्य' बसवले, मुलांच्या कमरेला पाने बांधली आणि तोंडाला काळा रंग फासला. आमच्याच नाशिक जिल्ह्यात कळवण-सुरगाण्याकडे आदिवासींची गावेच्या गावे आहेत. ती माणसे सदरा-धोतर, लुगडे आणि आता शर्ट-पँट वापरतात हे आम्ही रोज बसस्टँडवर पाहत होतो. तरी पाने बांधली. बर्ट विल्यम्सविषयी वाचले तेव्हा आमची मान आपोआप खाली गेली.

तीस दिवसांचा संप

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या काळच्या अमेरिकेत ऐतिहासिक पोशाखी नाटक असले तर कपडे बहुधा निर्माता देई. पण नाटक चालू काळातले असले की नटीने आपले कपडे आपण आणायचे, असा रिवाज होता. बड्या नटीला त्याचे काही वाटत नसे. नामांकित शिवणघरांतून तिचे झगे येत आणि त्यांची जाहिरातही होई. हाल होत ते लहान भूमिका करणाऱ्यांचे आणि समूहगीतात नाचणाऱ्या मुलींचे. तालमींना पगार नाही. तालमी किती आठवडे चालतील याचा नेम नाही. नाटक चार दिवसांत पडले तर कपड्यांचा खर्चही अंगावर. चांगला झगा असलेल्या मुलीला काम मिळण्याची शक्यता जास्त! दोनशे रुपयांचा राणीचा पोशाख आम्हाला इथे पुन्हा आठवला.

आपल्याकडे निदान या बाबतीत रीत वेगळी होती. नाटक मंडळीचा स्वतःचा 'कपडेपट' असे आणि त्याचा भार मालकावर असे. ज्या १९१३ साली पॅटर्सनचे विणकर रंगमंचावर आले, त्याच साली आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांचे भरजरी शालू आणि त्यापायी मंडळीला झालेले कर्ज, हे दोन्ही मराठी रसिकांना ठाऊक आहे. पण शालू नसल्याने कोणा पोराची भूमिका गेली, असे तिथे होत नसावे.

१९१३ सालीच न्यूयॉर्कमध्ये नटांची 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' ही संघटना स्थापन झाली. सहा वर्षे मालकांशी बोलणी करून हाती काही लागले नाही, तेव्हा ७ ऑगस्ट १९१९ रोजी नटांनी संप पुकारला. संप आठ शहरांत पसरला. ३७ नाटके बंद पडली. समूहनर्तिकांनी आपली वेगळी शाखा काढली आणि मारी ड्रेसलर ही विनोदी नटी तिची अध्यक्ष झाली. रंगमंचामागचे कामगार आणि वादक यांनीही साथ दिली. ६ सप्टेंबरला मालक नमले. तालमींवर मर्यादा आली, कराराचा एक नमुना ठरला, आणि स्त्री कलावंतांचे पोशाख, केसांचे टोप, बूट, मोजे हे सारे यापुढे निर्मात्याने पुरवायचे, हे मान्य झाले.

नाट्यकलेच्या पुस्तकांत या कलमाला फार जागा मिळत नाही. आम्हाला मात्र ते कोणत्याही सुंदर नेपथ्याइतके मोलाचे वाटते. कारण याच कलमामुळे वेशभूषाकार या व्यवसायाला पाया मिळाला. कपडे जोवर ज्याचे त्याने आणायचे होते, तोवर दहा पात्रांचे दहा रंग एकमेकांशी भांडत राहत. कपडे निर्मात्याने द्यायचे ठरल्यावर साऱ्या नाटकाच्या पोशाखांचा एकत्र विचार करणारा माणूस नेमणे भाग पडले. पोटाची लढाई जिंकली आणि तिच्यामागून कला आली.

मातीची गाडी

असा विचार करणाऱ्यांत एक स्त्री होती. अ‍ॅलिन बर्नस्टाईन. जन्म १८८० सालचा, न्यूयॉर्कचा. वडील नट होते. न्यूयॉर्कच्या पूर्वेकडील गरीब वस्तीत, ग्रँड स्ट्रीटवर, अ‍ॅलिस आणि आयरीन लुईसन या बहिणींनी १९१५ साली 'नेबरहुड प्लेहाऊस' नावाचे छोटे नाटकगृह बांधले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू स्थलांतरितांची ती वस्ती. घराघरांत शिवणकाम चाले. ज्यांचे दिवस दुसऱ्यांचे कपडे शिवण्यात जात, त्यांची मुले संध्याकाळी या नाटकगृहात येऊन नाटकाचे कपडे शिवायला, रंगवायला शिकत. बर्नस्टाईन तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून आली आणि तिथेच वेशभूषा व नेपथ्य शिकली.

याच नाटकगृहात १९२४ च्या डिसेंबरात एक नाटक आले, 'द लिटल क्ले कार्ट'. म्हणजे आपले शूद्रकाचे 'मृच्छकटिक'! देवलांमुळे मराठी घरांत पोहोचलेले ते नाटक आर्थर रायडर याच्या इंग्रजी अनुवादातून ग्रँड स्ट्रीटवरच्या शिवणकाम करणाऱ्या वस्तीत जाऊन पोहोचले. नेपथ्य आणि वेशभूषा बर्नस्टाईनची. तिने उंट आणले नाहीत. भारतीय लघुचित्रे समोर ठेवून तिने रंग आणि आकार ठरवले. नट सारे अमेरिकेतलेच होते. पण अंगावर कपडे चढवताना त्यांच्या देशातल्या चित्रकाराने काय पाहिले होते हे आधी विचारावे, एवढी अदब तिच्या कामात होती. 'किस्मत' च्या बगदादहून हा रस्ता वेगळा.

आणि नाटकही कोणते! दरिद्री चारुदत्ताचा लहानगा मुलगा शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. त्याच्या हाती मातीची गाडी दिलेली असते आणि तो रडत असतो. वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. ती मुलाला गप्प राहा म्हणत नाही आणि आपल्या परिस्थितीप्रमाणे वाग असेही शिकवत नाही. हा प्रवेश आम्ही कितीदा वाचला असेल, पण आमच्या वर्गात रडणारे मूल आम्हाला दिसले नव्हते. ते रडलेही नव्हते. 'अम्मी बीमार थीं' एवढेच म्हणाले होते.

१९२६ साली बर्नस्टाईनला नेपथ्यकारांच्या 'युनायटेड सीनिक आर्टिस्ट्स' या संघटनेत प्रवेश मिळाला. तिथली ती पहिली स्त्री सभासद. शपथविधीत तिला 'ब्रदर बर्नस्टाईन' म्हटले गेले असे सांगतात, कारण बहिणीसाठी शब्दच ठेवलेला नव्हता! पुढच्याच वर्षी नेबरहुड प्लेहाऊसचे नियमित प्रयोग थांबले, पण माणसे थांबली नाहीत. १९३७ साली आयरीन लुईसनने बर्नस्टाईन आणि इतर सहकाऱ्यांच्या साथीने पोशाखांचे एक संग्रहालय सुरू केले. रंगभूमीच्या कामाला देशोदेशीचे खरे पोशाख डोळ्यांनी पाहता यावेत, हा त्यामागचा हेतू. १९४६ साली ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये विलीन होऊन 'कॉस्च्युम इन्स्टिट्यूट' झाले. आज दरवर्षी मे महिन्यात ज्या 'मेट गाला' चे, लाखो-करोडोंच्या पोशाखांचे फोटो मोबाईलवर फिरतात, तो सोहळा याच संस्थेच्या निधीसाठी असतो. त्याचे मूळ शिवणकाम करणाऱ्या वस्तीतल्या एका छोट्या नाटकगृहात आहे, हे ते फोटो पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

१९४७ साली अमेरिकी रंगभूमीचे 'टोनी' पुरस्कार सुरू झाले तेव्हा वेशभूषेलाही पुरस्कार ठेवला गेला. तो पहिल्यांदा ल्युसिंडा बॅलार्डला मिळाला आणि १९५० साली बर्नस्टाईनला. नटीने घरून आणलेल्या झग्यापासून इथवरचा हा प्रवास उण्यापुऱ्या तीस वर्षांचा.

आमचा जलसा

इतिहास वाचून आपल्या अंगणात काही बदलले नाही, तर तो नुसता सनावळ्यांचा ढीग. म्हणून आमच्या शाळेचेही दोन शब्द.

हे सारे वाचल्यानंतरच्या जलशात आम्ही मुलांना एकही पोशाख आणायला सांगितला नाही. गावात कोऱ्या कापडाला तोटा नाही. पालकांपैकी काहींनी साच्यावरचे उरलेले तुकडे दिले. सगळ्या मुलांना त्याच कोऱ्या कापडाचे अंगरखे शिवले. आमच्यातल्या एका बाईंनी आणि दहावीच्या मुलींनी मिळून शिवले. राणीला एक लाल ओढणी, सरदारांना हिरवे पटके, बाकी सारे कोरे. मागे शाळेतलाच गडद निळा पडदा. एका संचालकांनी नाक मुरडले, "ये तो ग़रीबों का जलसा लग रहा है." आम्ही म्हणालो, "जनाब, राणी कोण ते कळले ना?" ते म्हणाले, "वो तो समझ में आया." आमचे काम झाले होते. यंदाही पोशाखाचा खर्च शाळेच्याच खात्यावर आहे, आणि भूमिका वाटताना आम्ही फक्त आवाज ऐकतो.

ज्या मुलीमुळे हे सारे सुरू झाले ती मात्र त्या जलशाला नव्हती. आठवीनंतर तिने शाळा सोडली. वडील कामासाठी भिवंडीकडे गेले, एवढेच समजले. चाँदबीबीचे तिने पाठ केलेले संवाद आमच्या वहीत अजून आहेत. समासात तिच्या हाताने, कुठे थांबायचे आणि कुठे आवाज चढवायचा, याच्या खुणा केलेल्या आहेत. राणीच्या पोशाखाबद्दल तिने त्यात काहीच लिहिलेले नाही.